एक जूनच्या दोघी

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातली थोरली म्हणाली, "आजी, गुरुवारी माझं काम पहिल्यांदाच प्रॉडक्शनवर जाणार आहे आणि मला दोन दिवस जेवण जात नाहीये." धाकट्याने मागून विचारलं, प्रॉडक्शन म्हणजे कारखाना का. तेव्हा तुमची आई म्हणाली, "आजीला विचार. आजीने हे निवृत्तीनंतर केलंय." तुम्ही दोघंही हसलात. मला राग आला नाही, पण गुरुवारच्या आत ही हकिगत तुमच्या हातात पडावी म्हणून आज सकाळची कामं उरकल्याबरोबर लिहायला बसले आहे. एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते. शाळा-कॉलेज सगळं त्याच भाषेत झालं, त्यामुळे ते मला सोपं जातं. हे मात्र मराठीत लिहिते, कारण यातल्या बायका जे बोलल्या ते इंग्रजीत नेलं तर निम्मं वाटेतच सांडेल. अडेल तिथे आईला विचारा.

आधी धाकट्यासाठी. नाटकाची तालीम असते आणि मग प्रयोग असतो. तालमीत चुकलं तर थांबून पुन्हा म्हणता येतं. प्रयोगात समोर माणसं बसलेली असतात. आम्ही कंप्युटरवर काही नवीन बांधतो, तेव्हा त्याची तालीम एका सर्व्हरवर करतो आणि प्रयोग दुसऱ्यावर. त्या दुसऱ्याला प्रॉडक्शन म्हणतात.

मी एकतीस वर्षं एका कंपनीच्या कंप्युटर विभागात काढली. सुरुवातीला यंत्राच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. शेवटी यंत्र कुठल्या गावात आहे हेही आम्हाला ठाऊक नसायचं. निवृत्तीनंतर समोरच्या विंगमधले एक माजी मुख्याध्यापक मला भेटायला आले. ते एका शिक्षणसंस्थेचे चिटणीस होते. संस्थेच्या नवी मुंबईत सात शाळा, आणि कचेरी सीबीडी बेलापूरला. प्रत्येक शाळेचं हजेरीपुस्तक वेगळं, रजेचे अर्ज वेगळे, आणि पासवर्ड भिंतीवर चिकटवलेले. त्यांना एकच व्यवस्था हवी होती: माणसाने एकदा आपली ओळख पटवावी आणि त्याच्या कामाची सगळी दारं त्याला उघडावीत, इतरांची नाही. मी तीन अटी घातल्या. आठवड्यातून तीन दिवस येईन, मला स्वतंत्र टेबल हवं, आणि माझ्या वहीला कोणी हात लावायचा नाही. सरांनी तिन्ही मान्य केल्या आणि लगेच आपली एक अट सांगितली.

"मॅडम, फेब्रुवारीत कार्यकारिणीची सभा असते. रोजंदारीवरच्या माणसांना कायम करायचं ते वर्षातून त्या एकाच सभेत. यंदा ती यादी तुमच्या सिस्टीममधून छापून आली पाहिजे. हाताने लिहिलेलं एकही नाव घ्यायचं नाही असा ठरावच केलाय मी."

"का?"

"हाताच्या यादीत कुणाचे तरी भाचे घुसतात आणि खरी माणसं राहतात. घणसोलीच्या शाळेत एक सेविका आहे, सतरा वर्षं झाली. दर मे महिन्यात तिला घरी पाठवतात आणि जूनमध्ये परत घेतात. तिचं नाव तीनदा राहिलं. आता येत्या जूनमध्ये तिला पंचावन्न पूर्ण होतात, आणि पंचावन्ननंतर आम्ही कायम करत नाही."

"म्हणजे ही शेवटची सभा."

"शेवटची."

मी म्हणाले, "सर, यंदा राहणार नाही. यंत्र माणूस विसरत नाही." हे वाक्य मी वहीत लिहिलं नव्हतं, पण ते मला शब्दन् शब्द आठवतं. का ते पुढे कळेल.

माझ्याबरोबर काम करायला पनवेलजवळच्या करंजाड्याहून एक मुलगी येई. विशी सरलेली, कमी बोलणारी, आणि प्रोग्रॅम लिहिण्यात माझ्यापेक्षा दसपट वेगवान. सहा महिन्यांत आम्ही ती व्यवस्था बांधली. तालमीच्या सर्व्हरवर सातही शाळांची माणसं आणून ओतली, तेव्हा चाळीसेक नोंदी दोन-दोनदा आलेल्या दिसल्या. एक शिक्षक दोन शाळांत शिकवत असेल तर दोन्हीकडच्या पुस्तकांत त्याचं नाव. हे अपेक्षितच होतं. मी नियम केला: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर, या पाचही गोष्टी जुळल्या तर माणूस एकच. यंत्राने दोन्ही नोंदी एक कराव्यात.

मुलगी म्हणाली, "मॅडम, एक करण्याआधी फोन करून विचारू का एकेकाला? चाळीसच तर आहेत."

"पाचही गोष्टी जुळल्यावर दुसरं कोण असणार?"

"तसं नाही. आपलं विचारलेलं बरं."

"नियम केलाय ना, मग नियमावर विश्वास ठेवायचा," मी म्हणाले. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे पटलेलं नसणं, हे मला तेव्हा कळत होतं. तरी मी पुढचं पान उलटलं.

फेब्रुवारीतली ती सभा एका सोमवारी चारला होती; प्रयोगासाठी मी आदल्या रविवारची सकाळ निवडली. शाळा बंद आणि बेलापूरची कचेऱ्यांची गल्ली शांत. वहीत चौदा ओळी होत्या. मी ओळ वाचायची, तिने ती करायची, मी पुन्हा विचारायचं, तिने "झालं" म्हणायचं, मग मी लाल पेन्सिलीने खूण करायची. जुन्या माहितीची प्रत काढली. ती प्रत उघडते का ते पाहिलं, कारण न उघडणारी प्रत म्हणजे रिकामा डबा. तालमीतले पासवर्ड काढून नवे घातले. सर्व्हरचा ओळखदाखला असतो, ते सर्टिफिकेट बसवलं. माणसं ओतली, नोंदी एक केल्या. अकरावी ओळ होती: परत फिरायची वाट. काही बिघडलं तर कुठली आज्ञा कुठल्या क्रमाने द्यायची ते मी आधी लिहून ठेवते. ते लिहून झाल्याशिवाय पुढे जात नाही. मी नोकरीत नवी असताना आमच्या साहेबांनी मला हे शिकवलं. तेव्हा ते मला भित्रेपणाचं वाटलं होतं.

दुपारी बारा वाजता व्यवस्था सुरू झाली. मुलीने आपल्या फोनवरून आपली ओळख पटवली, दार उघडलं. तिने डबा उघडला आणि भाकरी-मेथी मला अर्धी दिली. मी घरी येऊन दोन तास झोपले.

सोमवारी सव्वाआठला तिचा फोन आला. "मॅडम, सहा शाळा ओके. घणसोलीला एक सेविका आत येत नाहीये. सिस्टीम म्हणते, तुमची आजची हजेरी लागली आहे."

"लावून विसरल्या असतील."

"त्या म्हणतात, मी आत्ताच आले."

"नाव सांग."

तिने नाव सांगितलं. सरांनी सांगितलेल्या, तीनदा राहिलेल्या सेविकेचंच ते नाव होतं, हे मला लगेच कळलं. मी रिक्षा केली.

घणसोलीला आमची शाळा गावठाणाला लागून आहे. एका बाजूला दाटीवाटीची जुनी घरं आणि भाड्याच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला वीस मजली इमारती. फाटकाच्या आत भिंतीवर हजेरीचा टॅब लावलेला. त्याच्यासमोर निळ्या साड्यांतल्या दोन सेविका उभ्या होत्या. एक उंच, रुंद हाडाची. दुसरी तिच्या खांद्याला लागेल इतकी, बारीक.

"तुमीच का त्या कंप्युटरवाल्या बाई?" उंच बाईंनी विचारलं.

"हो."

"बरा झाला आल्या. हिला सांगा ती हाय का नाय. सकालपासून माजा डोका खाते."

"मी हाय का नाय ते मला नको सांगायला," बारीक बाई म्हणाल्या. "त्या पाटीला सांगा."

मी दोघींना नाव विचारलं. दोघींनी एकच नाव सांगितलं. मला वाटलं उंच बाई दुसरीचं नाव सांगताहेत. मी म्हणाले, "तुमचं स्वतःचं."

"माजाच सांगितला. हिचा पन तोच हाय."

"आणि यजमानांचं?"

"तो पन तोच. आज्याचा नाव दोन्ही नातवांना लावला. चुलत भाव हायत दोघे. आडनाव भावकीचा, तो कुठं जातो."

मुख्याध्यापिका मधे येऊन म्हणाल्या, "मॅडम, आम्ही शाळेत एकीला थोरल्या मावशी आणि एकीला धाकट्या मावशी म्हणतो. त्यामुळे गोंधळ कधी झालाच नाही." उंच त्या थोरल्या. त्या वीस वर्षांपूर्वीच कायम झाल्या होत्या. धाकट्या म्हणजे सतरा वर्षं दर मे महिन्यात घरी जाणाऱ्या.

"पण लग्नात दोघींची नावं एकच कशी ठेवली?"

"माजा लग्न आदी झाला," थोरल्या म्हणाल्या. "सासूनं ताटात तांदूल पसरून नाव लिवला. दोन वर्सांनी हिची सासू बोलली, नाव चांगला हाय, पोरगी पन गुनाची निंगाली, आमच्या सुनंचा पन तोच ठेवा."

"गुनाची निंगाली ते हीच बोलते," धाकट्या म्हणाल्या. "माजी सासू तसा कवा बोलली नाय."

"मोबाइल?"

"माजा कुठला मोबाइल. पोराचा हाय, तो कामावर नेतो. हिचा नंबर दिला. भिंतीला भिंत हाय, हाक मारली का येते."

"सतरा वर्सं हिचे निरोप मीच सांगते," थोरल्या म्हणाल्या. "आता हजेरी पन माज्याच फोनवरून खाल्ली."

चार गोष्टी झाल्या होत्या. पाचवीपाशी मी थांबले. "जन्मतारीख तरी वेगळी असेल."

"एक जून," दोघी एकदम म्हणाल्या.

"दोघींची?"

"गावातले निम्मे लोक एक जूनचे हायत, बाई. मास्तर इचारायचे, पोर कवा झाली? माजी आय बोलली, मीठ काढायच्या दिवसांत. हिची बोलली असंल, आवनीत, भात लावताना. मास्तर लिवायचे एक जून. साल तेवढा अंदाजानं टाकायचे, आमचा दोघींचा एकच पडला," थोरल्या म्हणाल्या.

मला तुमचे आजोबा आठवत होते. तुम्ही दर एक जूनला फोनवरून ज्यांच्यासाठी गाणं म्हणायचात, ते. ते साताऱ्याकडच्या एका खेड्यातले. त्यांची आई सांगे की हा झाला तेव्हा शेतात हुरडा होता, म्हणजे थंडी. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून लिहिली, कारण शाळा जूनला सुरू होते आणि वयाचा हिशेब सोपा पडतो. चाळीस वर्षं मी त्या दिवशी शिरा केला आणि चाळीस वर्षं ते ताटावर बसताना म्हणाले, "आण, मास्तरांच्या तारखेचा शिरा." माझा जन्म दवाखान्यातला, माझी तारीख छापील दाखल्यावर आहे. जन्मतारीख म्हणजे माणसाची पक्की खूण, असं मी धरून चालले होते. अख्खी पिढी एकाच दिवशी जन्मलेली आहे हे माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात ठाऊक होतं. तरी मी तो नियम केला, आणि विचारायला सांगणाऱ्या मुलीला गप्प केलं.

धाकट्या मावशींनी विचारलं, "आजच्या यादीत नाव हाय ना माजा? सर बोलले हाय."

तिथल्या तिथे मी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम, यादी सरांनी सकाळीच छापली. त्यांचं नाव नाहीये. दोन्ही नोंदी एक झाल्या, त्यात कायमवाली वर राहिली."

मी मावशींना खरं ते सांगितलं. "नाही. माझ्या चुकीने गेलं आहे. चारच्या आत परत येईल."

थोरल्या म्हणाल्या, "नाय आला तर?"

"आलं नाही तर मी स्वतः इथे येऊन सांगेन. पण येईल."

बेलापूरला पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. सरांनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात ठेवला. "मॅडम, मी खाली पेनाने लिहून देतो ते नाव."

"हाताने लिहिलेलं नाव घ्यायचं नाही हा ठराव तुमचा आहे."

"मग नुसतं त्यांचंच वेगळं करा ना."

"एक जोडी चुकली म्हणजे चाळीसही संशयास्पद आहेत. त्यात कोण कोण पुसलं गेलंय ते आज मला माहीत नाही. सगळं मागे नेणार."

"शाळा चालू असताना? काल सुरू केली आणि आज बंद? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील. ते मी ऐकून घेईन."

करंजाड्याच्या मुलीने तोवर वही उघडून माझ्यासमोर ठेवली होती, अकरावी ओळ वर. माझ्या वहीला तिने हात लावल्याचा तो पहिलाच प्रसंग. मी ती ओळ वाचायला घेतली.

अकराला आम्ही पाटी लावली: काम चालू आहे, हजेरी कागदावर घ्यावी. सात शाळांतून फोन आले. ते मी घेतले, तिला एकही घेऊ दिला नाही. रविवारची प्रत तिने परत बसवली, नोंदी एक करण्याच्या आधीची. सकाळची हजेरी वेगळी काढून ठेवली होती, ती पुन्हा आत घातली. एक करायचा नियम काढून टाकला. प्रत्येक नोंदीला यंत्राकडून एक स्वतंत्र क्रमांक दिला, नावाशी, तारखेशी, फोनशी काही संबंध नसलेला. आणि दोन नोंदी जुळल्या तर यंत्राने फक्त दाखवायचं, ठरवायचं माणसाने, असं केलं. मधल्या वेळात तिने त्या चाळीसांना फोन लावले. बहुतेक जोड्यांत खरंच एकच माणूस होता. पण घणसोलीच्या जोडीखेरीज आणखी तीन जोड्या निघाल्या, दोन-दोन वेगळी माणसं. तिन्हींची तारीख एक जून. फोनही एकच, एका घरातला किंवा एका चाळीतला.

तीन वाजून दहा मिनिटांनी व्यवस्था पुन्हा सुरू झाली. वीस मिनिटांनी यादी छापून आली. धाकट्या मावशींचं नाव सातवं होतं.

सभेला मी बसत नसे. त्या दिवशी मी सरांना सांगून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. यादीचं वाचन सातव्या नावावर आलं तेव्हा घणसोलीचेच एक सदस्य, वयस्क गृहस्थ, म्हणाले, "हे चुकून आलंय. ह्या बाई कायम आहेत केव्हाच्या. मी ओळखतो ना. उंच आहेत चांगल्या." आणि त्यांनी पेन्सिल उचलली.

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे.

मी उभी राहिले. "त्या थोरल्या. या धाकट्या. नाव एक, यजमानांचं नाव एक, आडनाव एक, तारीख एक, फोन एक. मीही काल त्यांना एकच समजले होते. आज सकाळी मी दोघींना शेजारी शेजारी उभं असलेलं पाहिलंय."

"दोघींना एकत्र?"

"एकत्र. भांडत होत्या."

ते गृहस्थ हसले आणि पेन्सिल खाली ठेवली. "भांडत होत्या म्हणजे दोघीच असणार," ते म्हणाले. पुढचं नाव वाचलं गेलं.

संध्याकाळी मी थोरल्या मावशींच्या फोनवर फोन केला. दुसरा नंबर नव्हताच. त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली. पलीकडून "काय हाय?" असं उत्तर आलेलं मला फोनवर ऐकू आलं.

"झाला तुजा," थोरल्या ओरडून म्हणाल्या. "आता मे महिन्यात पन कामावर जा, मला उनात एकटीला झाडू मारायला नको." मग मला म्हणाल्या, "बाई, ती रडते हाय. उद्या बोला तिच्याशी." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी करंजाड्याच्या मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही वाट लिहून ठेवली होती म्हणून जमलं." मी म्हणाले, "आणि तू विचारायला सांगितलं होतंस, ते मी लिहून ठेवलं नव्हतं." मग तिच्यासमोरच वहीत पंधरावी ओळ लिहिली: एक करण्याआधी दोघांना हाक मारावी.

तेव्हा थोरले, गुरुवारी पोटभर जेवून जा. परत फिरायची वाट आधी लिही, आणि शेजारी बसलेलं कोणी "विचारलेलं बरं" म्हणालं तर हातातलं काम थांबव. धाकट्या, तुझी जन्मतारीख खरी आहे, मी स्वतः तिथे होते.

ती व्यवस्था अजून त्याच सर्व्हरवर चालू आहे. करंजाड्याची मुलगी आता ती एकटी सांभाळते. घणसोलीच्या शाळेत दोघी मावशी कामावर आहेत; धाकट्यांचा आता स्वतःचा फोन आहे. यंत्रात त्या एकाखाली एक दिसतात, तेच नाव, तीच तारीख, क्रमांक वेगळे. वही माझ्या कपाटात दुसऱ्या खणात आहे, पंधराव्या ओळीपुढे लाल खूण आहे. आणि एक जूनला मी अजून शिरा करते.